डक्टवालं सेंट्रल एसी की खोलीखोलीत स्प्लिट?

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाउससाठी दोन्हींची कोटेशनं मागवली. डक्टचं रूप देखणं: भिंतीवर एकही युनिट नाही, छतात फक्त जाळ्या. पण डक्ट, म्हणजे गार हवा नेणाऱ्या रुंद नळ्या, लपवायला फॉल्स सीलिंग जवळजवळ फूटभर खाली येतं. साडेनऊ फुटांच्या खोलीत मग पंखा लावायचा कुठे? शिवाय रात्री एकट्या आईची खोली गार करायची तरी मोठं मशीन चालवायचं. झोनचे डॅम्पर, म्हणजे खोलीनिहाय हवा बंद-चालू करणाऱ्या झडपा, घेतले की खर्च आणखी वाढतो.

स्प्लिटमध्ये जी खोली वापरात, तिचंच बिल. एक बिघडला तरी बाकीचे चालू. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, तिथे १ टनाऐवजी दीड टन घेतला.

खाडीकाठी दोन्हींना एकच शत्रू. खारी हवा आणि नाल्यातला वायू कॉइल, म्हणजे एसीचा गॅस फिरवणाऱ्या तांब्याच्या नळ्या, खातो. शेजाऱ्यांची उघडलेली कॉइल मी पाहिली: तांबं काळं पडलेलं, सांध्याशी तेलाचा ओघळ. गॅस तिथूनच गेला होता. म्हणून संरक्षक कोटिंगची कॉइल मागाच, आणि ड्रेन पाइपला उतार नीट दिलाय का हे भिंत बुजवण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा.

आम्ही स्प्लिट घेतले. छत ११ फुटांचं असतं, तर मी डक्टच निवडला असता.