ब्रॉयलर कोंबडीपालन: कंपनीच्या करारावर की स्वतःच्या भांडवलावर?

ब्रॉयलर कोंबडीपालनात उतरू पाहणारा शेतकरी बहुधा शेड किती मोठी बांधावी, या प्रश्नापासून विचाराला सुरुवात करतो. खरे तर त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: शेडमध्ये वाढणारे पक्षी कोणाच्या मालकीचे असतील? कंपनीकडून पिल्ले, खाद्य आणि औषधे घेऊन केवळ संगोपनाचा मोबदला घ्यायचा, की सर्व काही स्वतः विकत घेऊन तयार पक्षी स्वतःच विकायचे, अशा या दोन वाटा आहेत. शेडचा आकार, कर्जाची रक्कम, हाताशी ठेवायचा पैसा आणि रात्रीची झोपही या एका निर्णयावर अवलंबून राहते. माझे मत आधीच नोंदवतो. नवख्या शेतकऱ्याने कराराने सुरुवात करावी. मात्र करार केला म्हणजे जोखीम संपली, हा समज पहिल्या दिवशीच बाजूला ठेवावा.

करार पद्धत नवी नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जेसी ज्यूएल या खाद्यविक्रेत्याने हाती पैसा नसलेल्या शेतकऱ्यांना पिल्ले आणि खाद्य उधारीवर दिले आणि वाढलेले पक्षी परत विकत घेतले. आज जगभर चालणाऱ्या कराराचा सांगाडा जवळपास तोच आहे. कंपनी एकदिवसीय पिल्ले, खाद्य, लस, औषधे आणि देखरेखीसाठी सुपरवायझर देते. शेतकरी शेड, वीज, पाणी, गादीसाठी तूस आणि कष्ट देतो. पक्षी शेवटपर्यंत कंपनीचेच राहतात आणि मोबदला उचललेल्या जिवंत वजनावर, दर किलोमागे मिळतो. बाजारभाव कोसळला तरी ठरलेला दर सहसा बदलत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी सोय होय.

परंतु दर किलोचा आकडा ऐकून निर्णय घेणे धोक्याचे आहे, कारण बहुतेक करारांत तो आकडा केवळ पायाभूत असतो. बॅच संपल्यावर पिल्लांची किंमत, खाद्य आणि औषधे मिळून एक किलो जिवंत वजनाचा उत्पादनखर्च काढला जातो. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आला तर बक्षीस मिळते आणि जास्त आला तर कपात होते. हा खर्च बाजारातल्या दराने मांडला जात नाही, तो कंपनीच्या वहीतल्या दराने मांडला जातो. वहीत पिल्लू महाग आणि खाद्य स्वस्त धरले असेल, तर मरतूक झाल्याचा फटका मोठा बसतो. उलट खाद्य महाग धरले असेल, तर खाद्य वाया घालवणारा शेतकरी अधिक भरडला जातो. त्यामुळे करारावर सही करण्यापूर्वी वहीतले हे दोन दर लेखी मागून घ्यावेत आणि एखाद्या काल्पनिक बॅचचा हिशेब कंपनीच्या माणसाकडून समोर बसून करून घ्यावा. जो माणूस हा हिशेब समजावून देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्या कंपनीबरोबर करार न केलेला बरा.

कराराची दुसरी जोखीम बाजारभावापेक्षा गुपचूप येते. पक्षी साधारण ४० दिवस शेडमध्ये राहतात. त्यानंतर गादी काढणे, धुणे, निर्जंतुकीकरण आणि शेड कोरडी पडू देणे यासाठी १५ दिवस धरले, तर एका बॅचला ५५ दिवस लागतात आणि वर्षात सहा बॅच सहज निघतात. बाजार मंद असला की कंपनी नवी पिल्ले टाकण्यास उशीर करते. हा खंड १५ ऐवजी ३५ दिवसांचा झाला, तर वर्षाला पाचही बॅच पूर्ण होत नाहीत. दर किलोचा मोबदला तोच राहतो, बँकेचा हप्ताही तोच राहतो, पण वर्षाचे उत्पन्न पाव हिश्शाहून अधिक घटते. म्हणून वर्षाला किमान किती बॅच मिळतील आणि शेड त्याहून जास्त काळ रिकामी राहिली तर भरपाई मिळेल का, हे कलम मला दराच्या कलमापेक्षाही महत्त्वाचे वाटते.

पक्ष्यांची उचल हा तिसरा मुद्दा. पक्षी तयार झाल्यावर गाडी वेळेवर आली नाही, तर शेवटच्या आठवड्यात भरलेल्या शेडमध्ये गर्दी वाढते आणि उन्हाळ्यात नेमके हेच मोठे, भरपूर खाद्य खाल्लेले पक्षी उष्णतेने दगावतात. अशा मरतुकीचा भार कोणावर, हे करारात स्पष्ट असावे. वजनकाटा शेडच्या दारात लावलेला असावा, रिकाम्या क्रेटचे वजन आधी करावे आणि प्रत्येक वजन शेतकऱ्याने स्वतःच्या वहीत त्याच क्षणी लिहावे. पहाटे, घाईत, बॅटरीच्या उजेडात उचल चालू असताना दर क्रेटमागे थोडेसे वजन कमी लागले, तरी गाडी भरेपर्यंत त्याचे बरेच किलो होतात.

आता दुसरी वाट पाहू. स्वतःच्या भांडवलावर पक्षी पाळणारा शेतकरी खऱ्या अर्थाने व्यापारात उतरतो. पिल्ले कोणत्या हॅचरीची घ्यायची, खाद्य कोणते वापरायचे, पक्षी केव्हा आणि कोणाला विकायचे, हे सारे त्याच्या हाती असते. भाव चांगला असताना एका बॅचमध्ये त्याला मिळणारा नफा करारावरील शेतकऱ्याला अनेक बॅचमध्ये मिळत नाही. हे खरे आहे आणि म्हणूनच ही वाट भुरळ घालते. मात्र त्यासाठी आधी किती पैसा अडकतो, ते पाहावे. दोन किलोचा पक्षी तयार करण्यास सुमारे ३.२ किलो खाद्य लागते, म्हणजे ५,००० पक्ष्यांच्या बॅचला १६ टन. पहिला पक्षी विकला जाण्यापूर्वी हे सारे खाद्य, पिल्ले आणि औषधे यांची व्यवस्था करावी लागते. ती उधारीवर केली, तर खाद्यविक्रेत्याचा चढा दर आणि बहुधा त्यानेच ठरवलेला ग्राहक स्वीकारावा लागतो. मग स्वातंत्र्य नावापुरते उरते आणि भावाची जोखीम मात्र पूर्णपणे आपली राहते. माझ्या मते हा दोन्ही पद्धतींतील सर्वांत वाईट भाग एकत्र करणारा व्यवहार आहे.

नफातोट्याची रेषा ओळखण्यासाठी एक साधा हिशेब कुठेही लागू पडतो. ब्रॉयलरच्या चालू खर्चात खाद्याचा वाटा ६० ते ७० टक्के असतो. तो ६५ टक्के धरला आणि एक किलो वजनासाठी १.६ किलो खाद्य लागले, म्हणजे एफसीआर १.६ आला, तर एक किलो जिवंत वजनाचा एकूण खर्च सुमारे अडीच किलो खाद्याच्या किमतीइतका होतो. म्हणजेच एक किलो जिवंत कोंबडीचा भाव अडीच किलो खाद्याच्या किमतीखाली गेला की स्वतंत्र शेतकरी खिशातून भर घालू लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांतले आपल्या भागातले कोंबडीचे आणि खाद्याचे महिनावार भाव मिळवून, किती महिने भाव या रेषेच्या वर होता आणि किती महिने खाली, हे मोजावे. निर्णयासाठी याहून उपयोगी कागद दुसरा नाही.

भाव खाली असताना पक्षी थांबवून ठेवावेत, असा सल्ला अनेक जण देतात. धान्य कोठारात थांबते, पण ब्रॉयलर थांबत नाही. सहाव्या आठवड्यात तो दिवसाला दीडशे ग्रॅमहून अधिक खाद्य खातो आणि वाढीव एका किलोसाठी दोन किलो किंवा त्याहून अधिक खाद्य लागू लागते. शिवाय गर्दी, उष्णता आणि मरतूक यांचा धोका रोज वाढतो. विक्रीची खिडकी जेमतेम काही दिवसांची असते. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असते आणि तो मुद्दाम दोन दिवस उशिरा फोन उचलतो. ज्याच्याजवळ किमान तीन-चार वेगवेगळे खरेदीदार नाहीत, त्याने या वाटेला जाऊ नये, असे मी निक्षून सांगेन.

मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला इथे एक वेगळा फायदा दिसतो: घरचा मका पक्ष्यांना घालून खर्च वाचेल. हा विचार अर्धाच बरोबर आहे. मक्यात प्रथिने ८ ते ९ टक्केच असतात, तर ब्रॉयलरला पहिल्या दिवसांत सुमारे २२ टक्के आणि शेवटी १८ ते २० टक्के प्रथिने लागतात. तयार खाद्यात वरून भरडा मिसळला की प्रथिने पातळ होतात, वाढ खुंटते आणि वाचवलेल्या पैशापेक्षा अधिक पैसा एफसीआरमध्ये जातो. सोयापेंड, खनिजे, जीवनसत्त्वे आणि अमिनो आम्ले यांचे सूत्र जाणकाराकडून घेऊन घरी खाद्य बनवले, तर मात्र मका खरोखर कामी येतो. अट एवढीच की तो नीट वाळलेला, १३ टक्क्यांच्या आसपास ओलाव्याचा आणि बुरशीमुक्त असावा, कारण बुरशीतले अफ्लाटॉक्सिन पक्ष्यांच्या यकृतावर आणि रोगप्रतिकारशक्तीवर घाला घालते.

एवढे झाले तरी दोन्ही वाटांवर नफा अखेर शेडच्या आतच ठरतो, आणि त्यातही पहिल्या आठवड्यात. एफसीआर १.६ ऐवजी १.८ आला, तर दोन किलोचा प्रत्येक पक्षी ४०० ग्रॅम खाद्य जास्त खातो. ५,००० पक्ष्यांमागे ते दोन टन, म्हणजे ५० किलोच्या ४० गोण्या होतात. स्वतंत्र शेतकऱ्याचे ते थेट नुकसान असते आणि करारावरील शेतकऱ्याची ती कपात असते. पिल्ले येण्यापूर्वी काही तास आधीच ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे साधन) चालू करून गादी उबदार करावी आणि पिल्लांच्या पातळीवर ३२ ते ३४ अंश तापमान ठेवावे. पिल्ले ब्रूडरखाली एकमेकांवर चढून बसली असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे; ब्रूडरपासून दूर कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर उष्णता जास्त आहे; आणि एकाच बाजूला गोळा झाली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे. चोवीस तासांनी काही पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची पिशवी अलगद चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली, तर पिल्लाला खाद्य आणि पाणी दोन्ही मिळाले आहे. कडक लागली, तर पाणी मिळालेले नाही. आणि रिकामी लागली, तर त्या पिल्लाने बॅच सुरू होण्याआधीच मागे राहायला सुरुवात केली आहे. आल्यावेळी ४० ग्रॅमच्या आसपास असलेले पिल्लू सातव्या दिवशी आपल्या वजनाच्या चौपट झाले पाहिजे.

दोन शेतकऱ्यांची किंवा दोन बॅचची तुलना करायची असेल, तर एक निर्देशांक उपयोगी पडतो: जगलेल्या पक्ष्यांची टक्केवारी गुणिले सरासरी वजन, भागिले (वय दिवसांत गुणिले एफसीआर), आणि आलेल्या उत्तराला १०० ने गुणायचे. ९५ टक्के पक्षी जगले, ३८ दिवसांत सरासरी २.१ किलो वजन झाले आणि एफसीआर १.६ आला, तर निर्देशांक सुमारे ३२८ येतो. ९२ टक्के पक्षी जगले, ४० दिवसांत दोन किलो वजन झाले आणि एफसीआर १.८ आला, तर तो २५६ पर्यंत घसरतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, परंतु पहिला शेतकरी करारात बक्षीस घेतो आणि मंद बाजारातही तगतो. दुसऱ्याचा बहुधा दोन्हीकडे तोटाच होतो.

गावात शेजारी शेजारी अनेक शेड असतील, तर रोगाचा विचार एकट्याने करून भागत नाही. राणीखेत आणि गंबोरो या रोगांच्या लसी दोन्ही पद्धतींत द्याव्या लागतात. मेलेले पक्षी उघड्यावर टाकणे, एका शेडमधली माणसे तशाच चपलांनी दुसऱ्या शेडमध्ये जाणे आणि परसातल्या कोंबड्या शेडभोवती फिरू देणे या सवयी मात्र साऱ्या गावाला महाग पडतात. उलट, गावातील पाच-सहा शेतकरी एकत्र आले, तर खाद्य गाडीभर घेऊन दर पाडून घेता येतो आणि प्रत्येकाची बॅच आठवड्याच्या अंतराने टाकून खरेदीदाराला नियमित माल देता येतो. अट ही, की एका शेडमध्ये एका वेळी एकाच वयाचे पक्षी असावेत. एकट्या छोट्या शेतकऱ्याला स्वतंत्र पद्धत झेपण्याचा हा मला दिसणारा सर्वांत भक्कम मार्ग आहे. कोंबडीखताबाबत फारशी तुलना करण्यासारखे नाही: करारातही ते बहुधा शेतकऱ्याकडेच राहते आणि त्यात साधारण तीन टक्के नत्र असल्याने स्वतःची शेती असणाऱ्याला ते दोन्हीकडे लाभदायक ठरते.

तेव्हा ज्याने शेडसाठी कर्ज काढले आहे, ज्याच्याजवळ चालू भांडवल नाही किंवा ज्याने अजून पक्षी सांभाळलेले नाहीत, त्याने करार निवडावा आणि प्रत्येक बॅचची खाद्य, मरतूक, वजन व दिवस यांची नोंद कंपनीच्या कार्डाखेरीज स्वतःच्या वहीतही ठेवावी. ज्याचा निर्देशांक सलग काही बॅच ३०० च्या वर राहिला आहे, ज्याचे शेडचे बहुतेक कर्ज फिटले आहे, ज्याला दोन बॅच तोट्यात गेल्या तरी तिसरी रोखीने टाकता येईल आणि ज्याच्याजवळ किमान तीन-चार खरेदीदार आहेत, त्याने स्वतःच्या पक्ष्यांचा विचार जरूर करावा. दोन शेड असतील, तर एक करारावर ठेवून दुसऱ्यात स्वतःचे पक्षी टाकावेत असा मोह होईल; बहुतेक कंपन्या आपल्या पक्ष्यांशेजारी परके पक्षी चालवून घेत नाहीत, त्यामुळे तसे करण्यापूर्वी करारातले ते कलम वाचावे आणि तोंडी परवानगीवर विसंबू नये.