नामाशेजारची एक खूण: ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या वर्षी एका कारखान्याच्या पत्राचे इंग्रजी भाषांतर करताना मी ‘मेनी इक्विपमेंट्स’ असे दोनदा लिहून गेलो. मजकूर लाल रेघांसह परत आला, तेव्हा कपाटात पडून असलेली ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी खाली काढली. ‘इक्विपमेंट’ या नोंदीत अर्थाच्याही आधी चौकटी कंसात ‘यू’ हे एकच अक्षर छापलेले होते. म्हणजे अनकाउंटेबल, न मोजता येणारे नाम. तेव्हापासून ही छापील प्रत आणि संकेतस्थळावरची मोफत आवृत्ती, दोन्ही मी रोज वापरतो. हा अभिप्राय मात्र त्या एका खुणेपुरता, आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्या ‘अ’, ‘सम’, ‘मेनी’, ‘मच’, ‘फ्यू’, ‘लिटल’ या डिटर्मिनरांपुरताच, म्हणजे नामाच्या आधी लागणाऱ्या शब्दांपुरताच आहे.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना फर्निचर मोजायचे नसते, हे कोशाने सांगावे लागत नाही. हा कोश जन्मला तोच परक्यांसाठी. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह तो रचला, १९४२ मध्ये तो टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्याकडून काढला. जपानी भाषेत ‘अ’ आणि ‘द’ यांच्यासारखी उपपदे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेली काळजी आपल्याही कामी येते.

आपली अडचण जरा निराळी आहे. शाळेत पदार्थवाचक नामे आपण शिकलेलो असतो, पण मराठीची मोजदाद इंग्रजीच्या मोजदादीशी जुळत नाही. आपण तांदूळ निवडतो तेव्हा ‘तांदूळ जुने आहेत’ म्हणतो, पोहे तर कायम अनेकवचनीच. इंग्रजीत मात्र ‘राइस’ एकवचनात राहतो. आपण दोन बातम्या ऐकतो आणि चार सल्ले देतो, पण ‘न्यूज’ आणि ‘ॲडव्हाइस’ मोजता येत नाहीत, त्यांना ‘अ पीस ऑफ’चा आधार द्यावा लागतो. केस पिकले तर आपल्याकडे अनेकवचन आणि तिकडे एकवचनी ‘हेअर’; आमटीत एकच केस सापडला तर मात्र तो ‘अ हेअर’ होतो, आणि कोशात या नामापुढे दोन्ही खुणा आहेत. त्यातच आपले ‘पुष्कळ’ आणि ‘किती’ हे शब्द पाण्यालाही चालतात आणि माणसांनाही. ‘थोडा’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो खरा, पण नाम मोजता येते की नाही हे तो विचारत नाही. म्हणून ‘मेनी’ आणि ‘मच’ यांच्यातली निवड अर्थावरून करायला गेलो की आपण फसतो. ती नामाची सवय आहे, आणि सवय पाहायची तर कोशच उघडावा लागतो.

कोशाची खरी करामत ‘एक्स्पीरिअन्स’सारख्या नोंदीत दिसते, कारण तिथे खूण शब्दाला एकदाच न लावता प्रत्येक अर्थाला वेगळी लावलेली आहे. कामातून आलेले ज्ञान या अर्थी तो शब्द अनकाउंटेबल आणि घडलेला प्रसंग या अर्थी काउंटेबल. नोकरीच्या अर्जात ‘मेनी एक्स्पीरिअन्सेस’ लिहिणारा उमेदवार आपण पुष्कळ वर्षे काम केल्याचे सांगू पाहतो; वाचणाऱ्याला मात्र त्याच्याकडे पुष्कळ किस्से असल्याचे कळते. ‘पेपर’चेही तसेच: ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर, आणि लिहायला कोरा कागद मागायचा असेल तर ‘सम पेपर’ किंवा ‘अ शीट ऑफ पेपर’.

तक्रारीला जागा आहे. ‘नॉलेज’पुढे अनकाउंटेबल आणि सिंग्युलर अशा दोन खुणा शेजारी शेजारी दिलेल्या आहेत, म्हणजे ते मोजता येत नाही आणि तरीही ‘अ गुड नॉलेज ऑफ’ म्हणता येते. उदाहरण आहे, पण असे का, याचा खुलासा नवशिक्याला त्या नोंदीत मिळत नाही. याहून मोठी उणीव अशी की नामाची नोंद ‘मोजू नका’ एवढे सांगून थांबते, आणि मग त्यापुढे काय लावावे यासाठी डिटर्मिनराची नोंद निराळी उघडावी लागते. ती उघडण्याचे कष्ट मात्र वाया जात नाहीत. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यातला, म्हणजे आपल्या ‘फारसे नाहीत’ आणि ‘थोडेफार आहेत’ यांच्यातला फरक तिथे नीट उलगडलेला आहे, आणि ‘मेनी’ व ‘मच’ यांच्या व्याकरणाच्या चौकटी तर वहीत उतरवून घ्याव्यात अशा आहेत.

छापील प्रतीची दहावी आवृत्ती २०२० मध्ये आली. माझ्या मते विद्यार्थ्याला संकेतस्थळ पुरेसे आहे, शिवाय तिथे ‘यू’सारखी अक्षरे न वापरता खूण पूर्ण शब्दात लिहिलेली असते. दिवसभर इंग्रजी लिहिणाऱ्याने छापील प्रतही घ्यावी, कारण एक नाम शोधताना शेजारच्या चार नामांच्या खुणा आपोआप डोळ्यांखालून जातात.

माझ्या पत्राचे सांगायचे राहिले. ‘यू’ पाहून मी घाईने ‘मच इक्विपमेंट’ अशी दुरुस्ती केली होती. ‘मच’ मुख्यतः प्रश्नांत आणि नकारार्थी वाक्यांत शोभते, साध्या विधानात ‘अ लॉट ऑफ’ अधिक सहज वाटते, हे चौकटीत नंतर वाचले आणि दोन्ही ठिकाणी ‘अ लॉट ऑफ इक्विपमेंट’ करून मजकूर पाठवला. यावेळी तो परत आला नाही.