गच्चीचं पांढरं कोटिंग: दोन पावसाळे आणि मधला उन्हाळा

कंपनीचं नाव लिहीत नाही, वॉरंटीचं भांडण अजून चालू आहे. गच्चीची गळती थांबवायला मारतात ते फायबरवालं ॲक्रिलिक, पांढरं, १० वर्षांची वॉरंटी. सध्या कोटेशनं गोळा करत असाल तर कुठल्या जातीचा माल आहे ते कळलं असेल. सोसायटी मुलुंडची, जुनी, चार मजली. आमचा फ्लॅट सगळ्यात वर. दर ४५ रुपये चौरस फूट, प्रायमर धरून. काम मे २०२४ मध्ये झालं.

८ जुलैच्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून धार लागली. असं झालं तर बादली नंतर शोधा, आधी मेन स्विच बंद करा. स्लॅबमधून वायरिंगच्या नळ्या गेलेल्या असतात आणि आत शिरलेलं पाणी त्यांच्यातूनच वाट काढतं. म्हणजे गळतं पंख्यापाशी, पण शिरतं भलतीकडेच. हे कंपनीच्या माणसाला माहीत असायला हवं होतं. तो बऱ्याच फोनांनंतर उगवला, पंख्याच्या बरोबर वरचा तुकडा पुन्हा रंगवला, फोटो काढले आणि गेला. पुढच्या सरीला पुन्हा धार.

आता पाणी खरं जिथून शिरत होतं त्या जागेबद्दल. गच्चीवरचं पाणी पाइपात उतरतं त्या तोंडापाशी कोटिंग कडेला येऊन थांबलं होतं. पाइप आणि स्लॅब यांच्यामधलं जुनं सिमेंट सुटून बोट जाईल एवढी फट पडलेली. वरची जाळी सपाट, तिच्यावर कबुतरांची पिसं आणि कुणीतरी पुण्य म्हणून टाकलेली, भिजून फुगलेली ज्वारी. १,००० चौरस फुटांवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ ९,३०० लिटर पाणी. ते तुंबलं की सरळ फटीत.

दाखवलं, तर उत्तर काय? ‘साहेब, आउटलेट (म्हणजे हेच पाइपाचं तोंड) आमच्या स्कोपमध्ये, ठरलेल्या कामात, नाही.’ अख्ख्या गच्चीचं पाणी ज्या दोन भोकांकडे धावतं, तीच भोकं स्कोपच्या बाहेर! मग ४५ रुपये फुटाने आम्ही काय विकत घेतलं, चुना?

शेवटी आमचा नेहमीचा गवंडी बोलावला. त्याने तोंडाभोवतीचं फोडलं, न आकसणारं ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा माल) भरलं, कोपऱ्यांना गोल वाटा (काटकोन बुजवणारी सिमेंटची गोलाई) काढला, जाळीचं कापड लावून कोटिंग पाइपाच्या आतपर्यंत उतरवलं आणि घुमटासारखी उंच जाळी बसवली. दोन्ही तोंडांचे मिळून ३,२०० रुपये. सेक्रेटरी म्हणाले, हा वरच्या मजल्याचा प्रश्न. गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या फ्लॅटचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीनेच करायची, हे आदर्श उपविधींतच, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांतच, आहे. ते पान दाखवल्यावर पैसे मिळाले.

जाता जाता: पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) भेगेतलं पिंपळाचं रोप नुसतं उपटू नका, मूळ आत राहिलं की पुन्हा फुटतं. डिशवाल्याला स्लॅबमध्ये ड्रिल मारू देऊ नका. ‘त्यापेक्षा पत्र्याची शेडच टाका’ म्हणणाऱ्यांसाठी, १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात मागच्या इमारतीचे पत्रे उडाले. हूक गंजलेले होते, आणि त्यांच्याकडे कुणी वर्षानुवर्षं पाहिलंही नव्हतं.

तोपर्यंत या कोटिंगला माझे दोन तारे होते. एप्रिल २०२५ मध्ये मत बदललं. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री अकरालाही छताला हात लावला तर तव्यासारखं लागायचं. या वेळी कोमट. एसी उशिरा लावायचो, लवकर बंद करायचो, बिलातही फरक दिसला. मी हे कोटिंग यासाठी घेतलंच नव्हतं. विक्रेत्याने थंडाव्याचं सांगितलं तेव्हा ‘हो, हो’ म्हणून सोडून दिलं होतं.

मग २६ मेला मान्सून मुंबईत दाखल. नेहमीची तारीख ११ जून, त्यामुळे सगळ्यांची कामं मेअखेरीस ठेवलेली. समोरच्या इमारतीत ओल्या स्लॅबवर तसंच कोटिंग मारलं, आठवड्यात फुगे. आमचं छत या पावसाळ्यात कोरडं राहिलं. फक्त टाकीच्या बाजूला उतार चुकलाय, पाणी साचतं आणि तिथे पापुद्रा सुटतोय. साचलेलं पाणी ॲक्रिलिकला सोसत नाही, हे कुठल्याच बादलीवर मोठ्या अक्षरात नसतं.

साडेतीन तारे. घ्यायचं असेल तर उन्हाळ्यात लवकर करा आणि आउटलेट, वाटा, जाळी कोटेशनमध्ये लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी तोंडं बुजवून गच्चीत दोन दिवस पाणी भरून ठेवा. आमचा हप्ता सोसायटीने अडवून ठेवलाय. कंपनी म्हणते, हप्ता आला की वॉरंटी कार्ड. आम्ही लिहून कळवलंय, ३,२०० वजा करून बाकीचे घ्या.