कार्लसन-पार्किन पद्धत: हिशेब चोख, मोजपट्टी उसनी

‘भाव वाढतील, तेवढेच राहतील की कमी होतील?’ एवढंच विचारणाऱ्या सर्वेक्षणातून अपेक्षित महागाईचा टक्का काढायचं कार्लसन आणि पार्किन या अर्थतज्ज्ञांचं हे १९७५ सालचं साधन अजून निवृत्त झालेलं नाही. स्प्रेडशीटच्या चार-पाच रकान्यांत मावतं. अडचण सूत्रात नाही, सूत्राला काय भरवायचं त्यात आहे.

‘वाढतील’मधून ‘कमी होतील’ वजा केलं की झालं, असं मानणाऱ्यांनी हे दोन महिने शेजारी ठेवून बघावेत. एकात वाढ ६०, तेवढेच ३०, घट १०; दुसऱ्यात ५२, ४६, २. निव्वळ फरक दोन्हीकडे अधिक ५०. आता पद्धत लावा. आधी ‘सांगता येत नाही’वाले काढून उरलेल्यांचे १०० करा (हे विसरलं की पुढचं सगळं तिरकं जातं). मग घटीचा वाटा ०.१० आणि वाढ सोडून उरलेला वाटा ०.४० प्रसामान्य वितरणाच्या (घंटेच्या आकाराच्या वक्राच्या) उलट फलनात, म्हणजे वाटा दिला की वक्रावरची जागा सांगणाऱ्या सूत्रात, घाला: उणे १.२८ आणि उणे ०.२५. बेरीज उणे १.५३, दुसऱ्यातून पहिला वजा केला की १.०३. भागाकार करून चिन्ह बदला: १.४९. दुसऱ्या महिन्याला हाच आकडा १.०५ येतो. उंबरठा, म्हणजे ‘तेवढेच’ या उत्तराची हद्द, २ टक्के धरून त्याने गुणलं, तर अपेक्षित महागाई एकीकडे साधारण ३, दुसरीकडे २.१. शिवाय लोकांमधला मतभेदही हाती लागतो: २ भागिले ती वजाबाकी, गुणिले उंबरठा. पहिल्या महिन्यात तो जवळपास दुप्पट आहे. निव्वळ फरकाला यातलं काहीच दिसत नाही.

हा ‘उंबरठा’ म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंच्या त्या पट्ट्याची कड, ज्याच्या आतल्या बदलाला लोक ‘तेवढेच’ म्हणतात. तो किती रुंद, हे कुणालाच विचारलेलं नसतं. मूळ पद्धतीत तो असा ठरवतात की पूर्ण कालावधीत अपेक्षेची सरासरी प्रत्यक्ष महागाईच्या सरासरीइतकी व्हावी. म्हणजे लोकांचा अंदाज सरासरीने बरोबर, हे आधीच गृहीत धरलं. अशा आकड्यांवर ‘लोकांचे अंदाज एका बाजूला झुकतात का’ ही चाचणी लावणं म्हणजे स्वतःचाच पेपर स्वतः तपासणं. महिन्यागणिक चढउतार बघायला मात्र ते चालतात.

महागाई तापली की मात्र यंत्र अडतं. ‘कमी होतील’ म्हणणारा कुणीच उरला नाही तर शून्याचं उलट फलन निघत नाही, रकान्यात त्रुटी येते. शून्याऐवजी ०.५ टक्के लिहून पुढे जाणारे बरेच असतात. वाढीचा वाटा ८० असताना तसं केलं तर उत्तर उंबरठ्याच्या १.९७ पट, ०.१ टक्के लिहिलं तर १.७५ पट. उत्तर तुमच्या ठिगळावर ठरतं, लोकांच्या मतावर नाही. तो महिना रिकामा सोडणं जास्त प्रामाणिक.

उंबरठा उसना घ्यायच्या अडचणीवर उतारा म्हणजे पाच पर्याय: आणखी वेगाने वाढतील, त्याच वेगाने, कमी वेगाने, तेवढेच राहतील, कमी होतील. युरोपीय आयोगाच्या ग्राहक सर्वेक्षणात हेच पर्याय आहेत आणि मासिक आकडे मोफत मिळतात. बॅचलर आणि ऑर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये त्यासाठी मांडलेल्या रीतीत उंबरठे प्रत्येक महिन्याला नव्याने निघतात, दोन्ही बाजूंना सारखे मात्र धरावेच लागतात. मोजपट्टी मात्र इथेही बाहेरूनच येते: लोकांना सध्याची महागाई किती वाटते तो आकडा. तिथे अधिकृत जाहीर दर घालणं सोपं, पण लोकांच्या मनातला दर बहुधा त्याहून बराच वर असतो. त्याच सर्वेक्षणात २००३ पासून थेट टक्काही विचारतात. ताळा करायचा तर त्याच्याशी करावा, पातळीपेक्षा वळणं जुळतात का ते बघून. आणि सध्याची महागाई शून्याजवळ असेल तर ही रीत बाजूला ठेवा: मोजपट्टीच शून्य झाली की उत्तरं काहीही असोत, निकाल शून्याला चिकटतो.