बार्बर आधी वाचावेत की हॅरिसन?

विज्ञान आणि धर्म यांच्या नात्याचा अभ्यास करायचा म्हटलं, की इयन बार्बर आणि पीटर हॅरिसन ही दोन नावं लवकरच समोर येतात. दोघांना एकदम हाताशी घेता येत नाही. मी बार्बर यांच्यापासून सुरुवात केली आणि दीड वर्षाने हॅरिसन यांच्याकडे वळलो. तुमची निवड अजून व्हायची असेल, तर माझा अनुभव सांगतो.

बार्बर मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, पुढे धर्मशास्त्र शिकलेले. विज्ञान आणि धर्म यांच्या नात्याचे संघर्ष, स्वतंत्रता, संवाद आणि एकात्मता असे चार प्रकार सांगणारी त्यांची चौकट प्रसिद्धच आहे. नवख्या माणसाला तिचा फार आधार वाटतो. विज्ञान आणि धर्म म्हणजे भांडणच, हा समज ती पहिल्या बैठकीतच मोडून काढते. ते ऋण मी आजही मानतो.

मी अडलो तो मात्र याच चौकटीपाशी. वाचनगटात तासभर बोलायचं होतं, म्हणून जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक नाव लिहिलं आणि सतरंजीवर चार ढीग लावायला बसलो. डार्विनचे अमेरिकी मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना उत्क्रांती मान्य होती आणि तीत ईश्वरी योजनाही दिसत होती. ते ‘एकात्मते’त सहज बसले. मग गॅलिलिओची चिठ्ठी हातात आली. १६३३चा खटला आठवून ती ‘संघर्षा’त टाकली. पण त्याने १६१५ साली ग्रँड डचेस क्रिस्तिना यांना लिहिलेलं पत्र समोरच होतं. स्वर्गाला कसं जावं हे बायबल शिकवतं, आकाश कसं चालतं हे नव्हे, असं एका धर्माधिकाऱ्याचं वचन तो त्यात देतो. म्हणजे चिठ्ठी ‘स्वतंत्रते’त हवी. त्याच पत्राच्या शेवटी तो बायबलमधली, यहोशवाने सूर्य थांबवल्याची कथा घेतो आणि सूर्य मध्यभागी मानणाऱ्या कोपर्निकसच्या मांडणीत तिचा अर्थ उलट जास्त नीट लागतो, असं दाखवतो. मग ती ‘एकात्मते’त का नको? ती चिठ्ठी मी तीनदा उचलली, तीनदा ठेवली. माणसं अशी सरळ कप्प्यांत बसत नाहीत, हे बार्बर यांनाही ठाऊक असणारच. पण चौकट हातात असली की मन आधी कप्पा शोधतं आणि पत्र नंतर वाचतं. मला ते फार खटकलं.

हॅरिसन इतिहासकार आहेत. ते कप्प्यांच्या आधी शब्दांपाशी थांबतात. १६०० साली इस्रायल आणि इजिप्तचं युद्ध झालं असं कुणी म्हणालं, तर आपण विचारू की तेव्हा ही राष्ट्रं होती कुठे? विज्ञान आणि धर्माचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. ‘रिलिजन’ आणि ‘सायन्स’ हे शब्द ज्या लॅटिन शब्दांतून आले, त्यांतला ‘रेलिजिओ’ हा मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसच्या लेखनात माणसाच्या अंगचा सद्गुण आहे आणि ‘स्किएन्तिया’ हा बुद्धीचा. दोन्ही मनाच्या आत नांदणारे. कुंपण घातलेली दोन शेतं पुढच्या काळात आखली गेली.

हे वाचलं आणि माझं लक्ष आपल्या शब्दांकडे गेलं. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात प्रपंचाच्या ज्ञानाला ‘विज्ञान’ म्हटलंय. गीतेच्या त्याच जागी शंकराचार्य विज्ञानाचा अर्थ स्वतःच्या अनुभवाला आलेलं ज्ञान असा करतात. आणि ‘धर्म’? शेजारधर्म आहे, राजधर्म आहे, आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात धातूंचे गुणधर्मही आहेत! मराठीत ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असा वाद घालताना आपण यातला कुठला धर्म धरतो, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

हॅरिसन सोपे नाहीत. लॅटिन शब्दांच्या मागे पानंच्या पानं जातात, आणि शेवटी ‘मग मी काय मानू?’ याचं उत्तर मिळत नाही. पुढच्या महिन्यात विद्यार्थ्यांपुढे उभं राहायचं असेल, तर बार्बरच घ्या, ते अडचणीत टाकणार नाहीत. हाताशी सहा महिने असतील तर मात्र, माझ्या मते, हॅरिसन आधी. त्यानंतर बार्बर वाचले तर चौकट चौकटीपुरती राहते. उलट क्रमाने गेलो म्हणून मला बरंच पुसून पुन्हा लिहावं लागलं.

दोघांचाही मुख्य मुलूख ख्रिस्ती युरोप-अमेरिका. आपल्याकडच्या शब्दांचं काम आपल्यालाच करावं लागेल. मी ‘विज्ञान’ या शब्दासाठी वेगळी वही घातली आहे. सध्या त्यात ज्ञानेश्वरीतल्या ओव्या उतरवतो आहे.