यूएएस की जुने यूएसबी-स्टोरेज: दुकानातल्या रास्पबेरी पायसाठी कोणता ड्रायव्हर ठेवावा?

एन्क्लोजरमध्ये (डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या डबीत) एसएसडी घालून ती यूएसबी 3.0 ला जोडून ज्यांनी रास्पबेरी पाय 4 हा छोटा एका बोर्डाचा संगणक रोजच्या कामाला जुंपला आहे, त्यांच्यापुढे आज ना उद्या हा प्रश्न येतो: डिस्क यूएएस या नव्या यूएसबी-डिस्क ड्रायव्हरवर चालू द्यावी, की कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बजावून ती जुन्या यूएसबी-स्टोरेजवर आणावी? यवतमाळ जिल्ह्यात आमचे छोटे कृषी सेवा केंद्र आहे आणि त्याची बिले, साठा आणि उधारीची खाती अशाच एका पायवरच्या मारियाडीबी या डेटाबेसमध्ये राहतात. दोन्ही ड्रायव्हर मी प्रत्येकी एक खरीप हंगाम वापरले आहेत. तेव्हा पुढचे मत एका काउंटरवरच्या अनुभवाचे आहे, एवढे धरूनच ते वाचावे.

फरक थोडक्यात असा. यूएसबी-स्टोरेजचा व्यवहार 1999 सालच्या मानकावर चालतो: डिस्कला एक आज्ञा द्यायची, तिचे उत्तर येईपर्यंत थांबायचे, मग दुसरी द्यायची. यूएएसमध्ये अनेक आज्ञा एकदम डिस्ककडे सोपवता येतात आणि त्या कोणत्या क्रमाने उरकायच्या हे डिस्क ठरवते. कागदावर यूएएस सरस आहे, आणि मोठ्या कॉपीच्या वेळी ते जाणवतेही. सकाळी शटर उघडल्यावर मी बॅकअप सुरू करतो. यूएएसवर तो झाडलोट आणि अगरबत्ती होईपर्यंत संपत असे, यूएसबी-स्टोरेजवर शेजारच्या टपरीवरचा चहा पिऊन होईपर्यंत चालतो.

बिलिंगमध्ये मात्र हा फरक मला कधी दिसला नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. बिल सेव्ह केले की मारियाडीबी तो व्यवहार खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबते. एकच काउंटर असल्यामुळे त्या क्षणी डिस्ककडे दुसरे फारसे काम नसते. गर्दी असते ती काउंटरच्या अलीकडे. डिस्कच्या दारात एका वेळी एकच बिल येते.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय केला, त्याकडे येतो. मृगाचा पहिला बरा पाऊस झाला की दोन-चार दिवस कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. यूएएसच्या हंगामात अशाच एका सकाळी बिलाचा स्क्रीन गोठला. माउस हलत होता, पण सेव्ह पुढे सरकत नव्हते. अर्ध्या मिनिटाने सगळे आपोआप सुरळीत झाले आणि तासाभराने पुन्हा तेच घडले. समोरच्या काकांनी शांतपणे विचारले, "काहो भाऊ, बिल निघते का मी जाऊन येऊ वावरात?" रात्री कर्नलचा लॉग पाहिला, तेव्हा प्रत्येक वेळी एकच क्रम दिसला: यूएएसने आज्ञा दिली, एन्क्लोजरमधल्या चिपने उत्तर दिले नाही, 30 सेकंदांची मुदत संपल्यावर कर्नलने ती आज्ञा रद्द करण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी डिस्क रीसेट केली. 30 सेकंद ही कर्नलमधली डिस्कसाठीची ठरावीक मुदत आहे, म्हणून गोठण्याचा काळही दर वेळी तेवढाच होता.

यात डेटा गेला नाही. पण स्क्रीन थांबला म्हणून काउंटरवरच्या मुलाने सेव्ह दोनदा दाबले होते, आणि संध्याकाळी साठा जुळवताना संगणकात दोन पाकिटे कमी तर फळीवर दोन जास्त निघाली. बियाण्याची साठा नोंदवही जुळलीच पाहिजे, त्यामुळे रात्री दहापर्यंत पावत्या चाळत बसावे लागले. बॅकअपला दहा मिनिटे जास्त लागलेली मला चालतात. हे चालत नाही.

यूएएसला दोष देण्यापूर्वी वीजपुरवठा तपासावा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पाय 4 च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून 1.2 अँपिअरच मिळतो आणि अडॅप्टर हलका असेल तर अगदी अशीच लक्षणे दिसतात. माझ्याकडे 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर होता आणि व्होल्टेज पडल्याची कोणतीही नोंद बोर्डाकडे नव्हती. सीपीयूचा गव्हर्नर (तो किती वेगाने चालावा हे ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर ठेवण्याचा सल्लाही अनेक जण देतात. तोही करून पाहिला. गोठणे थांबले नाही, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीतला बोर्ड 80 अंशांवर जाऊन आपणहून वेग कमी करू लागला, हे वेगळेच.

तेव्हा डिस्क यूएसबी-स्टोरेजवर आणायचे ठरले. काम एका ओळीचे आहे, पण ती ओळ कुठे लिहायची हे कर्नल कसा बांधला आहे यावर ठरते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. मी आधी मॉडप्रोबच्या (कर्नलचे मॉड्यूल, म्हणजे वेगळे जोडता येणारे भाग, लोड करणाऱ्या साधनाच्या) फाइलीत पर्याय लिहिला, बोर्ड पुन्हा सुरू केला, आणि काहीच बदलले नाही. कर्नलचे कॉन्फिगरेशन उघडल्यावर कळले की त्यात यूएसबी-स्टोरेज आणि यूएएस या दोन्हींपुढे 'वाय' होते, म्हणजे दोन्ही कर्नलच्या पोटातच होते. वेगळे मॉड्यूल लोडच होत नसल्यामुळे मॉडप्रोबच्या फाइलीकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. पुढे पुतण्याच्या अभ्यासासाठी घेतलेल्या दुसऱ्या बोर्डावर उलटे झाले. तिथे दोन्हींपुढे 'एम' होते, म्हणजे दोन्ही वेगळे मॉड्यूल होते. मी यूएएस मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केले, म्हणजे ते लोड होऊ नये अशी बंदी घातली, आणि डिस्क वेगाने कमी होण्याऐवजी दिसेनाशीच झाली. याचे कारण असे की कर्नलमध्ये यूएएसची सोय असेल, तर यूएएस बोलू शकणारी डिस्क यूएसबी-स्टोरेज स्वतःहून घेत नाही, ती यूएएससाठी सोडून देते. यूएएसला आपण दाराबाहेर काढलेले, आणि यूएसबी-स्टोरेज त्याच्या वाट्याला हात लावत नाही; डिस्क दोघांच्या मध्ये लटकते.

दोन्ही प्रकारच्या कर्नलांवर मला लागू पडलेला मार्ग एकच: बूटच्या वेळी कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत यूएसबी-स्टोरेजचा क्वर्क्स पर्याय, म्हणजे ठरावीक उपकरणापुरता अपवाद, लिहायचा. त्यात एन्क्लोजरच्या चिपचा विक्रेता क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि शेवटी 'यू' हे अक्षर असते; या 'यू'चा अर्थ, या डिस्कपुरते यूएएस विसरा. रास्पबेरी पाय ओएसमध्ये ही ओळ सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी या फाइलीत असते आणि बुकवर्म आवृत्तीपासून ती फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. फाइलीत सगळे एकाच ओळीवर राहिले पाहिजे. एंटर दाबून नवी ओळ केली, तर पर्याय लागू पडत नाही.

यूएसबी-स्टोरेजवर आल्यापासून एक पूर्ण खरीप आणि रब्बी गेली, लॉगमध्ये रीसेटची एकही नोंद नाही. किंमत मोजावी लागली ती अशी, की माझ्या एन्क्लोजरवर आता ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालत नाही, त्यामुळे एसएसडीत थोडी जागा मी मुद्दाम मोकळी सोडली आहे.

तुमचा वापर वेगळा असेल, तर माझी निवड तुम्हाला लागू पडेलच असे नाही. पायवर घरातल्या चौघांचे फोटो, व्हिडिओ आणि दोन-चार कंटेनर (आपापल्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम) एकाच वेळी चालत असतील, तर तिथे आज्ञांची रांग खरोखर लागते आणि यूएएस सोडणे जड जाईल. अशांनी आधी एन्क्लोजर बदलून पाहणे शहाणपणाचे ठरेल, कारण खोट बहुतेक वेळा त्यातल्या चिपच्या फर्मवेअरमध्ये (चिपच्या आतल्या प्रोग्राममध्ये) असते. एका मित्राचे एन्क्लोजर मी पंधरा दिवस लावून पाहिले, ते यूएएसवर एकदाही अडले नाही. पण ऐन हंगामात तालुक्याच्या गावी तसे एन्क्लोजर मिळत नाही आणि मागवलेले चालेलच, याची हमी खोक्यावर लिहिलेली नसते. हिशेबाचे काम असेल आणि हाती आहे तेच एन्क्लोजर वापरायचे असेल, तर माझा कौल, थोडा भीत भीत का होईना, जुन्या यूएसबी-स्टोरेजलाच आहे.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. क्वर्क्समधला क्रमांक त्याच एन्क्लोजरचा असतो. एन्क्लोजर बदलले की ती ओळ निमूटपणे निरुपयोगी होते आणि डिस्क पुन्हा यूएएसवर जाते. म्हणून मी तो क्रमांक मार्करने एन्क्लोजरच्या पाठीवर लिहून ठेवला आहे, आणि हंगाम उघडण्याच्या आदल्या रात्री डिस्क कोणत्या ड्रायव्हरवर आहे, हे यूएसबीच्या यादीत एकदा पाहून घेतो.