निराधारचा पगार मंजूर होता, पैसे मात्र एजंटच्या खिशात जात होते. घरात कोणी दिव्यांग किंवा म्हातारं माणूस असेल तर वाचा

खूप दिवस लिहू का नको चाललं होतं, कारण दादाला वाटतं गावात बोभाटा होईल. पण परवा अजून एका घरात तेच निघालं आणि मग दादाच म्हणाला लिही तू.

माझ्या मोठ्या भावाला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय गेलाय. वय ४८. मराठवाड्यात आमचं गाव आहे, तिथे तो आणि आई राहतात, दादाची सायकल पंक्चरची छोटी टपरी आहे, त्यावर आणि मी पुण्यातून पाठवते त्यावर घर चालतं. आई ७१ वर्षांची. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे (गावात सगळे निराधारचा पगारच म्हणतात) आपल्याला मिळतील का हे आम्ही कधी नीट विचारलंच नव्हतं, कारण सगळीकडे एकच ऐकलेलं की उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत पाहिजे, आणि आमचा उत्पन्नाचा दाखला निघाला ४२,००० चा. म्हणजे आपण बसत नाही, विषय संपला असं धरून चाललो होतो.

इथेच तो माणूस आला. तहसीलच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी बसतो, तालुक्यात सगळे ओळखतात. दादाला म्हणाला, भाऊ तुमचं उत्पन्न जास्त आहे, सरळ गेलात तर पहिल्याच टेबलावर फॉर्म परत येईल, पण समितीत आपली माणसं आहेत, मी बसवून देतो. दादाचे ४,०००, आईला श्रावणबाळमध्ये (म्हाताऱ्या माणसांची पेन्शन योजना) बसवायचे ३,०००, आणि दिव्यांगाचं नवीन कार्ड लागतं त्याचे २,२००. आईला तर म्हणाला, मावशी, मी तुमच्या लेकासारखा, काळजीच करू नका. आईने पोस्टातले पैसे काढून दिले. मला फोन केला तेव्हा मीच म्हणाले होते की जाऊ दे, होतंय काम तर देऊन टाक. हे मी आजपण विसरू शकत नाही.

आता खरी गोष्ट सांगते जी तेव्हा आम्हाला कोणी सांगितली नाही. २१,००० ची अट बाकीच्या निराधारांना आहे. दिव्यांग माणसासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे!! अपंगत्व किमान ४०% पाहिजे, वय १८ ते ६५ मध्ये पाहिजे, महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास पाहिजे. दादाकडे सिव्हिल हॉस्पिटलचा जुना दाखला होता ५५% चा. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून बसत होता, त्याला कोणी बसवायची गरजच नव्हती, अर्ज आणि कागद घेऊन तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत नाहीतर सेतूवर गेला असता तरी झालं असतं. त्या माणसाने आमचाच हक्क आम्हाला विकला.

आईचं वेगळं आहे. श्रावणबाळला ६५ वर्षं पूर्ण आणि उत्पन्न २१,००० च्या आत, त्यात ती ४२,००० वर बसत नाही, हे खरंच आहे. तिच्यासाठी तो कमी उत्पन्नाचा दाखला "जमवणार" होता. नशीब जमला नाही, नाहीतर खोट्या दाखल्यावर आईची सही गेली असती आणि उद्या चौकशी लागली असती तर उत्तर तिला द्यावं लागलं असतं, त्याला नाही. पण मला हे पण बोलायचंय की वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, एवढ्यात दोन माणसांचं घर आज कुठल्या गावात चालतं? ही मर्यादा इतकी खाली ठेवलीय म्हणूनच खरी गरज असलेली माणसं स्वतःला अपात्र समजून गप्प बसतात आणि मग अशा एजंटच्या हातात सापडतात. मर्यादा वाढली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पैसे दिल्यावर चार-पाच दिवसांनी तो घरी आला, बोटाचं मशीन आणि टॅब घेऊन. म्हणाला केवायसी करायचीय, आता पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात (हे खरं आहे, डिसेंबर २०२४ पासून निराधार आणि श्रावणबाळचे पैसे डीबीटीने येतात, म्हणून दादाला संशय आला नाही). दादाचा अंगठा तीन वेळा घेतला, फोटो काढला, आधारची झेरॉक्स घेतली. पोच काहीच दिली नाही. मोबाईल नंबर विचारला तेव्हा दादाने स्वतःचा सांगितला पण त्याने टाकला कुठला ते दादाने बघितलं नाही, आणि त्याला इंग्रजी स्क्रीन वाचता पण येत नाही.

मग महिने गेले. फोन केला की उत्तर ठरलेलं, समितीची मीटिंग झाली नाही, निधी आला नाही, साहेब बदलले. कार्ड मात्र आणून दिलं, निळ्या रंगाचं, लॅमिनेशन केलेलं, त्यावर ८५%. दादा म्हणाला माझं तर ५५ आहे, तर हा म्हणे जास्त टक्के असले की लवकर होतं.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० झाले, ते टीव्हीवर ऐकून दादा नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वतः तहसीलला गेला, आपलं कधी मंजूर होतंय विचारायला. तिथल्या मॅडमनी नाव टाकून बघितलं आणि म्हणाल्या, अहो तुमचं मार्चपासून चालू आहे, पैसे जातायत की खात्यात. दादा तिथे बाकावरच बसला. मला फोन केला तर त्याला बोलताच येईना, मला वाटलं आईला काही झालं.

मी दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी पकडून गेले. दादाच्या बँकेत पासबुक भरून घेतलं, एक रुपया आलेला नाही. तिथल्या क्लार्क दादांनी बघून सांगितलं की तुमचं आधार सीडिंग (म्हणजे आधार खात्याला जोडणं) आमच्याकडे नाहीच, दुसऱ्या बँकेत आहे. हे सगळ्यांनी समजून घ्या प्लीज. डीबीटीचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलंय तिथे जातात. केवायसीच्या नावाखाली त्याने दादाच्या नावाने नवीन खातं उघडलं होतं, आधार तिकडे जोडलं होतं आणि त्या खात्याला मोबाईल नंबर दुसराच. म्हणजे मेसेज तिकडे, ओटीपी तिकडे, एटीएम कार्ड पण त्याच्याकडे. मार्च ते सप्टेंबर सात महिने, १,५०० प्रमाणे १०,५०० आले आणि सगळे निघाले. आधी दिलेले ९,२०० धरून १९,७०० गेले. टपरीवर पंक्चर काढून इतके जमवायला किती महिने लागतात ते दादालाच माहीत.

आणि ते निळं कार्ड. मॅडमनी नंबर टाकला, काहीच निघत नाही. खोटं. खरं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, फुकट असतं, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि बोलावतील त्या दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं. रंगावरून पण कळतं, ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. ५५% वाल्याच्या हातात निळं कार्ड दिलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं. ते कार्ड दादाने कुठे वापरलं असतं तर? दिव्यांगांच्या सवलती फसवून घेतल्या तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९१ आहे, २ वर्षांपर्यंत कैद नाहीतर १ लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. खऱ्या अपंग माणसाला त्याने खोटा ठरवायची सोय केली होती, ह्याचा राग मला पैशांपेक्षा जास्त येतो.

आम्ही काय केलं ते सांगते. दादाच्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून आधार परत तिकडे आणलं. ज्या बँकेत ते खातं निघालं तिथे लेखी अर्ज देऊन खातं बंद करायला लावलं आणि स्टेटमेंट मागितलं, पैसे कधी कसे निघाले ते त्यातच कळतं. १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार केली, पोलीस स्टेशनला दिली, तहसीलदारांना लेखी दिलं आणि आवक नंबर घेतला. आवक नंबर घेतल्याशिवाय अर्ज देऊच नका, पुढच्या वेळी कोणीच ओळख दाखवत नाही. दादाचं बायोमेट्रिक एमआधार ॲपमधून लॉक करून ठेवलंय, ज्यांना ॲप जमत नाही त्यांनी आधारच्या हेल्पलाइनवर, १९४७ वर विचारा. पैसे अजून मिळाले नाहीत. तो माणूस आधी म्हणाला मी असं काही केलंच नाही, मग म्हणाला गावातली गोष्ट गावात मिटवू, ५,००० घ्या. दादाने घेतले नाहीत.

घरच्या घरी बघायचं असेल तर आधारला जो मोबाईल जोडलाय त्यावरून *९९*९९*१# लावा आणि आधार नंबर टाका, कुठल्या बँकेला लिंक आहे ते येतं. आधारच्या वेबसाईटवर पण बँक सीडिंग स्टेटस दिसतं. बँकेचं नाव ओळखीचं नसेल तर त्याच दिवशी बँकेत जा.

डिसेंबरमध्ये दादाच्या स्वतःच्या मोबाईलवर पहिल्यांदा पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. त्याने मला वाचून दाखवला, परत एकदा वाचला, मग आईला वाचून दाखवला. नवीन कार्डासाठी तपासणी झालीय, येईल पोस्टाने.

मी गावात होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या सात घरांमध्ये फोनवरून आधार तपासलं. दोघांचं त्याच बँकेत निघालं. परवा तिसरं निघालं, टपरीच्या मागे राहणाऱ्या मावशींचं, त्या विधवा आहेत आणि वर्षभर त्यांना वाटतंय की आपला अर्ज नामंजूर झाला. सोमवारी दादा त्यांना घेऊन तहसीलला जाणार आहे.